दुपारचा भाव

ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही परळची खोली सोडून मीरा रोडच्या शांती नगरात राहायला आलो. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. बाबा सकाळी फोर्टातल्या ऑफिसला जायचे ते अंधार पडल्यावरच परत यायचे. माझी शाळा सकाळची. त्यामुळे दुपार फक्त आईची आणि माझी असायची, आणि ती एवढी मोठी असायची की तिचं काय करावं हे आम्हां दोघींनाही कळायचं नाही. परळला दुपार अशी नव्हतीच. तिथे कोणाचं तरी मूल रडायचं, कोणाचं तरी दळण यायचं, नळावर कोणीतरी भांडायचं. इथे खिडकी उघडली की समोर रुंद, कोरा रस्ता दिसायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेल्या इमारती होत्या. पलीकडे मोकळं रान, आणि त्याच्याही पलीकडे मिठागरांची पांढरी रेघ उन्हात थरथरायची. कधीकधी वाटायचं, आपण जागे आहोत की झोपेतच खिडकीशी उभ्या आहोत.

आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर भाड्याने सायकली द्यायचं दुकान होतं. दुकानदार पन्नाशीचा, उत्तरेकडचा माणूस, सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्याच्याकडे पंधरा सायकली होत्या, त्यातल्या पाच बिनदांड्याच्या, बायकांच्या. त्या पाच कोणी घ्यायचंच नाही. दुकानाच्या दाराला पाटी टांगलेली असायची आणि तिच्यावर खडूने लिहिलेलं असायचं, ‘एक घंटा दो रुपया’. संध्याकाळी मुलं गर्दी करायची. दुपारी मात्र पंधराच्या पंधरा सायकली भिंतीला टेकून उभ्या असायच्या आणि चाचा स्टुलावर बसून डुलक्या घ्यायचा.

आईला सायकल येत नव्हती. कोकणातल्या गावी मामाची सायकल होती आणि मामा ती बुद्धविहारापर्यंत चालवत न्यायचा, एवढंच तिने मला सांगितलं होतं. ती त्या सायकलीला हात लावायची की नाही, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण भाजी आणायला निघालो की ती त्या दुकानासमोर जरा रेंगाळायची, हे मला दिसायचं. दोन रुपयांत तेव्हा आमच्याकडे एका वेळची भाजी यायची. ती पाटी वाचायची आणि पुढे चालू लागायची.

एका दुपारी ती थांबली.

“चाचा,” ती म्हणाली, “ये इतनी गाड्या दोपहर को ऐसीच खडी रहती क्या?”

चाचाने एक डोळा उघडला. “धूप में कौन चलाएगा, बहनजी?”

“भाव कम करो. फिर देखो कोई आता क्या.”

“सस्ता करूँगा तो लोग बोलेंगे, सायकल खराब है.”

“शाम को दो रुपयाच रखो ना. दोपहर को आठ आना. बारह से चार. खडी रहके क्या मिलता तुमको?”

चाचा हसला. आई हसली नाही. ती तिथेच उभी राहिली, हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम. चाचाने एकदा सायकलींकडे पाहिलं, एकदा रिकाम्या रस्त्याकडे. मग म्हणाला, “एक हफ्ता. सिर्फ एक हफ्ता देखेंगे.”

दुसऱ्या दिवशी पाटीवर खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आली होती.

पहिलं गिऱ्हाईक अर्थात आई. तिने पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि बिनदांड्याच्या एका सायकलीवर बसली. मागून कॅरिअर धरून मी पळत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर मऊ झालं होतं आणि चपला चिकटत होत्या. आई एकदा वाळूच्या ढिगात गेली, एकदा खडीच्या. तिसऱ्या दिवशी मी धापा टाकत कॅरिअर सोडून दिलं आणि तिला सांगितलंच नाही. ती पुढे पुढे जात राहिली. रस्त्याच्या टोकाला ऊन पाण्यासारखं दिसत होतं आणि आई त्या पाण्यात शिरल्यासारखी दिसेनाशी झाली. मी एकटीच रस्त्याच्या मधोमध उभी. मग ती परत आली, घामाने निथळलेली, आणि म्हणाली, “अगं, तू कुठेयस? मी तुझ्याशी बोलतेय केव्हाची!”

आठवड्याभरात बातमी पसरली. आधी आमच्या जिन्यातल्या दोघी आल्या, मग समोरच्या इमारतीतली एक गुजराती भाभी, मग आणखी. एक नवी लग्न झालेली मुलगी यायची. ती फार बोलायची नाही, फक्त चालवायची. आईने तिला एकदा विचारलं, “आधी का नाही आलीस गं? दोन रुपये काय तुला जड होते?”

ती म्हणाली, “पैशाचं नाही हो. दोन रुपये घ्यायचे तर सासूबाईंना सांगावं लागतं कशाला हवेत. आठ आण्यांचं कोणी विचारत नाही.”

मला तेव्हा हे नीटसं कळलं नव्हतं. वय वाढत गेलं तसं वाटत गेलं, की प्रत्येकीचा एक आकडा असतो. त्याच्या वर गेलं की कोणाची तरी परवानगी लागते. खाली आलं की दार आपोआप उघडतं.

त्या वर्षीच्या दुपारी आठवतात त्या अशा. पाच बायका पाच सायकलींवर, बाकीच्या सावलीत आपली पाळी येईपर्यंत बसलेल्या. कोणाचा तरी पदर मागच्या चाकाच्या जाळीवर फडफडतोय, कोणीतरी घंटी वाजवतंय, समोर कोणी नसताना. अर्धवट इमारतींना खिडक्या बसलेल्या नव्हत्या, नुसते चौकोन होते, आणि त्यांच्यातून बायकांचं हसणं आत जाऊन दुप्पट होऊन बाहेर यायचं. वैशाख पौर्णिमेला आईने पांढरीशुभ्र साडी नेसली आणि खिरीच्या तयारीला ती विहारात सायकलवरून गेली, भाईंदरपर्यंत, मिठागरांच्या कडेने. मी मागे कॅरिअरवर बसले होते. डावीकडे मिठाचे ढीग पांढरे, पुढे आईची पाठ पांढरी, आणि उन्हाने आभाळही पांढरं झालेलं. मी डोळे मिटले तरी ते पांढरं जात नव्हतं. विहाराशी पोहोचल्यावर दारातल्या बायका हातातलं काम थांबवून बघत राहिल्या. मग त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने पुढे येऊन सायकलचं हँडल धरलं आणि आईला उतरायला जागा करून दिली.

चाचाने कुठून तरी आणखी तीन जुन्या बिनदांड्याच्या सायकली आणल्या. त्याही दुपारी उभ्या राहायच्या नाहीत.

याच दिवसांत आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एक काकू सायकल शिकल्या. मराठवाड्यातून आलेलं त्यांचं कुटुंब. काकांचा कारखाना बंद पडला होता आणि ते घरीच असायचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने होते. तिथल्या कामगारांना काकू जेवणाचे डबे पोहोचवायच्या. चालत जायच्या म्हणून चारच डबे नेता यायचे. सायकल आल्यावर त्या अकरा डबे नेऊ लागल्या. हँडलला दोन्हीकडे पिशव्या, मागे कॅरिअरला क्रेट. बाराला निघायच्या, दोनच्या आत परतायच्या. दोन तासांचा एक रुपया. कारखान्याच्या दारात त्या कामगारांशी दोन शब्द बोलायच्या, कोणाला मीठ कमी लागलं, कोणाला भाकरी हवी, ते विचारून घ्यायच्या आणि परत येताना रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली पाच मिनिटं बसायच्या. “तेवढंच माझं,” त्या आईला म्हणायच्या.

वर्ष-दीड वर्षाने चाचाने दुपारचा भाव एक रुपया केला. टायर महागले, ट्यूब महागल्या, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. दोघी-तिघी यायच्या बंद झाल्या. बाकीच्या कुरकुरत राहिल्या, पण आल्या. मग काही महिन्यांनी त्याने दीड रुपया केला. या वेळी कोणी कुरकुर केली नाही. नुसत्या आल्या नाहीत. ती नवी सून पहिल्याच दिवसापासून आली नाही. गुजराती भाभी एकदा आली, अर्धा तास चालवून गेली. आईसुद्धा रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा जाऊ लागली. घरात कोणी तिला काही बोललं नव्हतं. बाबा तर म्हणाले, “जा की.” पण ती म्हणायची, “दीड रुपयात दुसरंपण काही होतं.”

दुपार पुन्हा पहिल्यासारखी झाली. फरक एवढाच, की आता ती रिकामी आहे हे आम्हांला कळत होतं. समोरच्या इमारतींना खिडक्या बसल्या होत्या.

फक्त डबेवाल्या काकू जात होत्या. चाचा आईला म्हणाला, “देखिए बहनजी, जिसको जरूरत है वो तो आती है. भाव कुछ भी हो.”

आई म्हणाली, “वो आती नहीं चाचा, उसको आना पडता है.”

चाचाने मान हलवली, पण त्याला पटलेलं दिसलं नाही.

काकूंनी डब्यामागे एक रुपया वाढवून पाहिला होता. त्या महिन्यात तीन कामगारांनी डबा सोडला आणि ते वडापाव खायला लागले. काकूंनी मुकाट्याने जुना भाव परत लावला, तेव्हा ते तिघे परत आले. दोन तासांचे तीन रुपये आता त्यांना परवडत नव्हते. मग त्यांनी काय केलं, ते आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्या यायच्या तेव्हा वेळेवर यायच्या, रोज यायच्या. एका तासाचेच पैसे द्यायच्या, तर चाचाला वाटायचं, आता जवळपासच डबे देत असतील, बाकी काही बदललेलं नाही. पण काकू आता दोन तासांची फेरी एका तासात मारत होत्या. मीठ कमी की जास्त हे विचारणं बंद झालं होतं. बाभळीखाली बसणं बंद झालं होतं.

मार्चमधली एक दुपार होती. मी खिडकीत परीक्षेचा अभ्यास करत होते. रस्त्याच्या टोकाला, जिथे ऊन पाण्यासारखं दिसायचं, तिथून एक आकृती हळूहळू येताना दिसली. आधी वाटलं, भास आहे. मग ओळखलं, काकू होत्या. सायकल हातात धरून चालत येत होत्या. पुढचं चाक वाकडं झालं होतं आणि फिरताना एकेका फेरीला चिमट्याला घासून आवाज करत होतं. साडीला एका बाजूने माती, कोपरातून रक्त. मी आईला हाक मारली आणि आम्ही दोघी धावत खाली गेलो.

मिठागराच्या बांधावरून वळताना त्या पडल्या होत्या. डबे भरलेले होते. अकराच्या अकरा.

“भात सगळा तिथे सांडला,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सावकाश येत होता. “मिठाच्या कडेला. मी गोळा करायला बसले, तर कुठला भात नि कुठलं मीठ, कळेचना. बसूनच राहिले बघा.”

आईने त्यांना दुकानाच्या पायरीवर बसवलं. मी वरून पाणी आणि हळद आणली. चाचा चाकाकडे बघत उभा होता. काकूंनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि त्याला विचारलं, “कितना टाइम हुआ? एक घंटे के ऊपर गया क्या?”

चाचाने दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग काकूंकडे. मग त्याने आईला विचारलं, “ये रोज एक घंटे में जाके आती थी? भाईंदर?”

“दीड रुपयात एकच तास येतो ना,” आई मराठीतच म्हणाली. त्याला ते कळलं.

तो बराच वेळ चाकाशी खटपट करत बसला. आम्ही काकूंना घेऊन निघालो तेव्हा त्याने आईला थांबवलं. “मैं समझा, इसको फरक नहीं पडता,” तो म्हणाला. “रोज आती थी, तो मैं समझा...” वाक्य पुरं न करता तो उठला आणि पाटी ओल्या फडक्याने पुसायला लागला. संध्याकाळचा भाव पुसला नाही, खालचाच पुसला आणि तिथे पुन्हा आठ आणे लिहिले. काकूंकडून त्या दिवसाचे पैसे त्याने घेतले नाहीत, चाकाचेही नाहीत. पण दुसऱ्या दिवशी काकू आल्या आणि त्यांनी आठवडाभराचे आगाऊ पैसे त्याच्यासमोर ठेवले. दान त्यांना नको होतं. भाव हवा होता, परवडेल असा.

आईला वाटलं होतं, आता सगळ्या परत येतील. ती स्वतः दारोदार सांगून आली. तिघी आल्या. बाकीच्यांच्या दुपारी दुसऱ्याच कशाने तरी भरून गेल्या होत्या. घरोघरी केबल आली होती आणि दुपारी मालिका लागायच्या. गुजराती भाभीने शिवणाचं मशीन घेतलं होतं. नव्या सुनेला दिवस गेले होते. आई तिच्याकडून परत आली तेव्हा जिन्यात जरा वेळ थांबली. “भाव खाली आला म्हणून काय झालं,” ती म्हणाली. “ती दुपारच आता तिच्याकडे नाहीये.”

पुढे कॉलेजात अर्थशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर एक रेघ काढली, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी. किंमत वाढली की मागणी घटते, किंमत घटली की मागणी वाढते. माझ्या बाजूच्या मुली पटापट उतरवून घेत होत्या. मला त्या रेघेवर एकेक जण बसलेली दिसत होती, अगदी खाली नवी सून, तिच्या वर गुजराती भाभी, मधे कुठेतरी पदर खोचलेली आई. खूप वर एकट्या काकू, आणि त्याही जागच्या जागी नाहीत, घाईत. बाई म्हणाल्या, “हा नियम लागू होतो तो इतर परिस्थिती कायम असताना.” मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि खिडकीबाहेर पाहत बसले. आमच्या मीरा रोडला दर महिन्याला एक नवी इमारत उभी राहत होती, एक दलदल बुजत होती, एक रस्ता फुटत होता. इतर परिस्थिती कायम असलेली मी तरी एकही दुपार पाहिली नव्हती.

काकूंनी दोनेक वर्षांनी चाचाकडूनच एक सायकल विकत घेतली. किंमत ठरवायला आई गेली होती. तिने आणि चाचाने अर्धा तास हुज्जत घातली आणि शेवटी दोघांचंही समाधान झालं नाही, म्हणजे सौदा बरोबर झाला, असं बाबा म्हणाले. मग काकूंच्या मदतीला काका आले, डबे चाळीस झाले, आणि नव्वदीच्या शेवटी त्यांनी भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात खानावळ काढली. मी एकदा तिथे जेवले. काकू टेबलाटेबलाशी थांबून विचारत होत्या, मीठ बरोबर आहे का, भाकरी आणखी हवी का.

तोपर्यंत शांती नगरात रिक्षा आल्या होत्या. स्टेशनपर्यंत तिघांनी वाटून जायचं तर अगदी थोडे पैसे पडायचे. मुलांना आईवडील स्वतःची सायकल घेऊन देऊ लागले होते. चाचाने आधी दुपारचा भाव काढून टाकला, मग संध्याकाळचाही कमी केला, आणि मग एका दिवाळीनंतर सायकली विकायला काढल्या. पाटीवर त्याने सायकलीची किंमत लिहिली. दर आठवड्याला ती थोडी खाली आणणार, असं त्याने आधीच बोलून टाकलं होतं. सगळ्यांना ते कळलं होतं, त्यामुळे सगळे थांबून होते.

आई पहिल्याच आठवड्यात गेली. मी सोबत होते. तिने आठवड्यातून एक दिवस विहारात लहान मुलांना शिकवायला जायचं ठरवलं होतं. तिने एक सायकल निवडली, ब्रेक दाबून पाहिले आणि पर्स उघडली. चाचाच तिच्याकडे बघत राहिला.

“बहनजी, भाव नहीं करोगे?”

“नाही.”

“दो हफ्ते रुको. सौ रुपया कम हो जाएगा.”

“मालूम है,” आई म्हणाली.

चाचाने पैसे घेतले. मग आतून तेलाची बुधली आणली, साखळीला तेल घातलं, सीट एक बोट खाली घेतली, दोन्ही चाकांत हवा भरली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. हे सगळं तो फार सावकाश करत होता. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, त्यांच्या धुरात आणि तिरप्या उन्हात तो मला जरासा पुसट दिसत होता.

घरी येताना मी आईला विचारलं, “थांबली असतीस तर शंभर रुपये वाचले असते ना?”

“वाचले असते,” ती म्हणाली. “पण मग त्याला वाटलं असतं, पहिल्या भावाला त्याची एकपण सायकल कोणाला नको होती.”

आणि ती सायकलवर बसली, दोन रिक्षांच्या मधून वाट काढत, घंटी वाजवत पुढे निघून गेली. मी मागून चालत आले.